शेत ट्रस्टमध्ये ठेवायचंय? मग आधी सातबारा नीट वाचा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले, सालदाराचं (वर्षभराच्या गड्याचं) नवं साल ठरलं, की आमच्याकडे जमिनीचा विषय निघतोच. अमळनेर तालुक्यातल्या मामांच्या ओट्यावर तो निघाला थेट न्यू जर्सीहून. मोठा मामेभाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, लिव्हिंग ट्रस्ट करून टाका. इकडे सगळे करतात." मामांना शब्द नवा होता, काळजी मात्र जुनी. धाकटा मुलगा ३१ वर्षांचा, जन्मापासून बौद्धिक अपंगत्व. दोन वेळचं जेवण आणि गोठ्यातली वासरं एवढंच त्याचं जग. फोन ठेवल्यावर मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "मी नही ऱ्हायनू ते ह्या पोऱ्याले कोन देखी?"

पुढचे आठ महिने मी त्यांच्यासोबत तलाठी कार्यालय, वकिलांचं ऑफिस आणि दुय्यम निबंधक कार्यालय यांच्या चकरा मारल्या. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो. हे वाचून वकील टाळता येणार नाही, पण वकिलाकडे जाताना कोणते कागद न्यायचे आणि काय विचारायचं ते कळेल.

ट्रस्टची गरज आहे का, हे आधी ठरवा

अमेरिकेत लिव्हिंग ट्रस्टचा एवढा बोलबाला आहे तो मुख्यतः प्रोबेटमुळे. माणूस गेला की मृत्युपत्र कोर्टातून सिद्ध करून घ्यायचं, त्यात वेळ आणि पैसा जातो. तो वाचवायला लोक जिवंतपणीच मालमत्ता ट्रस्टमध्ये टाकतात. खानदेशातल्या शेतजमिनीच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही. मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला जोडून फेरफारासाठी, म्हणजे सातबारावरचं नाव बदलण्यासाठी, अर्ज करता येतो. म्हणजे तिकडचं सर्वांत मोठं कारण इकडे लागूच नाही.

मुलं धडधाकट असतील, आपसांत बरं असेल, तर साधं नोंदणीकृत मृत्युपत्र पुरतं. जिवंतपणीच देऊन मोकळं व्हायचं असेल तर बक्षीसपत्र आहे. शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंड किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं. स्थानिक अधिभार वेगळा. बक्षीस देऊन मुलगा विचारेनासा झाला तर काय, ही भीती असते. त्यासाठी "आईवडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर" असं वाक्य दस्तात स्पष्ट घाला. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली असं बक्षीस न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं, आणि त्यासाठी अर्ज प्रांत कार्यालयात करायचा असतो.

मग ट्रस्ट कोणासाठी? ज्याला जमीन मिळावी असं वाटतं पण ती त्याला सांभाळता येणार नाही, त्याच्यासाठी. अपंग मूल, अजून सज्ञान न झालेली नातवंडं, व्यसनी मुलगा, विधवा सून जिच्यावर दीर दबाव आणतील. मामांचा धाकटा पहिल्या प्रकारातला. त्याच्या नावावर जमीन केली असती तर उद्या कोणी गोड बोलून अंगठा घेतला असता.

खासगी ट्रस्ट म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देऊळ, शाळा, धर्मादाय आयुक्त आठवतात. तो सार्वजनिक ट्रस्ट झाला. कुटुंबापुरता ट्रस्ट भारतीय विश्वस्त कायदा, १८८२ खाली येतो आणि त्याला धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागत नाही. त्यात तिघं असतात: जमीन देणारा, ती सांभाळणारा विश्वस्त आणि जिच्यातून ज्याचं भागायचं तो लाभार्थी. सातबारावर नाव विश्वस्ताचं लागतं, पण उत्पन्नावर हक्क लाभार्थ्याचा. मामांना मी सालदाराचं उदाहरण दिलं: कापूस तो वेचून आणतो, पण पट्टी तुमच्या नावाने फाटते ना? मामा म्हणाले, "मग विश्वस्त म्हणजे चांगला सालदार." थोडक्यात तेच.

जमीन देणारा स्वतःच पहिला विश्वस्त राहू शकतो. मामा तसेच राहिले. तो जिवंतपणीच सुरू होतो, म्हणून याला हयातीतला (लिव्हिंग) ट्रस्ट म्हणायचं.

सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा

इथे घाई करू नका, निम्मं काम इथेच आहे. सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), खरेदीखत, आणि १९५०च्या आसपासपासूनचे फेरफार मिळतील तेवढे काढा. त्यांत चार गोष्टी बघायच्या.

पहिली, जमीन स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित. मामांकडे दोन गट. एक २ हेक्टरचा, १९९४ मध्ये स्वतः खरेदी केलेला. दुसरा आजोबांकडून आलेला, धाकट्या भावासोबत सामाईक, वाटणी न झालेला. पहिला बिनघोर ट्रस्टमध्ये जातो. दुसऱ्याचं तसं नाही. एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, आणि मोबदला न घेता ट्रस्टमध्ये टाकणं हे त्याच जातीचं. त्यात हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुली जन्मतःच हिस्सेदार झाल्या, आणि वडील त्या तारखेला हयात असोत नसोत, हा हक्क आहेच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. बहिणीने कधीकाळी तोंडी "मला नको" म्हटलं असेल तर ते कागदावर शून्य.

वाट दोन. सगळे राजी असतील तर आधी वाटणी करा. तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली, नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्राने. राजी नसतील तर मृत्युपत्र. गंमत अशी की जो हिस्सा जिवंतपणी बक्षीस देता येत नाही तोच मृत्युपत्राने देता येतो. हिंदू वारसा कायद्याचं कलम ३० ते सांगतं. मामांनी तेच केलं: खरेदीचा गट ट्रस्टमध्ये, आणि वडिलोपार्जित गटातला आपला हिस्सा "माझ्या पश्चात याच ट्रस्टच्या विश्वस्तांकडे जावा" असं मृत्युपत्र.

दुसरी गोष्ट, भोगवटादार वर्ग. वर्ग-१ असेल तर ठीक. वर्ग-२ असेल, म्हणजे शासनाकडून मिळालेली किंवा प्रकल्पग्रस्त म्हणून पदरात पडलेली, तर परवानगीशिवाय हस्तांतर नाही. कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर विक्री प्रमाणपत्राला १० वर्षं झाली आहेत का बघा. झाली असतील तर आकाराच्या (सातबारावरच्या शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून अट काढता येते.

तिसरी, इतर हक्काचा रकाना. सोसायटीचा बोजा, बँकेचं गहाण, विहिरीतला सामाईक हिस्सा, शेतरस्ता, सगळं तिथे सापडतं. बोजा असताना ट्रस्ट करायचा तर आधी बँकेची संमती घ्या. आणि सावकार किंवा बँक दारात आली म्हणून घाईघाईने ट्रस्ट करत असाल तर सोडून द्या; कर्ज देणाऱ्यांना बुडवायला केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली त्यांच्या अर्जावर रद्द होतं.

चौथी गोष्ट नंदुरबार जिल्हा, साक्री-शिरपूरची आदिवासी गावं, चोपडा-यावल-रावेरचा सातपुड्याकडचा पट्टा इथल्या लोकांसाठी. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, गहाण, पट्टा किंवा दुसऱ्या कुठल्याही मार्गाने पूर्वमंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. महसूल संहितेचं कलम ३६-अ. त्यातले "दुसऱ्या कुठल्याही मार्गाने" हे शब्द ट्रस्टलाही कवेत घेतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे कोणी "मी विश्वस्त होतो, जमीन तुझीच" म्हणत आला तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवा. विश्वस्तही आदिवासीच हवा. वनहक्काचा पट्टा तर वारसाने जातो, पण हस्तांतर होत नाही. तो ट्रस्टमध्ये जाणारच नाही.

माणसं निवडणं

कूळकायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे परवानगीशिवाय जाऊ नये. म्हणून विश्वस्त असा घ्या ज्याच्या स्वतःच्या नावावर सातबारा आहे. पुण्या-मुंबईत पैसे घेऊन विश्वस्ताचं काम करणाऱ्या कंपन्या आहेत, फ्लॅट आणि शेअरला त्या ठीक, शेतीला नकोत.

परदेशातल्या मुलाचं काय, हे सगळे विचारतात. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डवाल्याला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला) शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही, वारसाने आली तर चालते. तेव्हा "ट्रस्ट संपल्यावर जमीन मोठ्या मुलाला" असं लिहून त्याच्या मागे कटकट लावू नका. आमच्या मामेभावाने स्वतःच सांगितलं, मला जमीन नको, भावाची सोय बघा. दस्तात तो ना विश्वस्त, ना जमिनीचा लाभार्थी. वर्षाला पैसे पाठवतो, तेही भावाच्या औषधापाण्याला.

शेवटी तिघं ठरले: मामा हयात असेतो स्वतः, सुरतला दिलेली मुलगी, आणि गावातला पुतण्या. मुलगी कशाला, रोज कुठे येणार ती, असं भावकीत कोणी म्हणालं. पण पुतण्या शेत बघणार आणि हिशेब बघणारा दुसरा कोणी नाही, ही मांडणी मला पटत नव्हती. पुतण्याचं शेत बांधाला लागून आहे. माणूस चांगला, पण बांध हा बांध असतो. विश्वस्त कायदाही तेच म्हणतो: विश्वस्ताने ट्रस्टच्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करायचा नाही (कलम ५१), विकायची वेळ आली तर स्वतः घ्यायची नाही (कलम ५२). आम्ही दस्तात आणखी घातलं की विश्वस्ताने स्वतः शेत कसायला घ्यायचं तर बटाईचा दर बाकीच्या दोघांनी लेखी मंजूर करायचा. पुतण्याला राग आला नाही, उलट म्हणाला, "बरं झालं, गावात कोणी बोट दाखवायला नको."

धाकट्यासाठी पालकाची नेमणूक ही वेगळी गोष्ट, ट्रस्टमध्ये ती येत नाही. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करायचा. दोन्ही हवं. ट्रस्ट पैशाचं बघतो, पालक माणसाचं.

दस्तात काय लिहायचं

स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नाहीतर मृत्युपत्राने (कलम ५). तोंडी किंवा साध्या स्टॅम्पवर लिहून ठेवलेला ट्रस्ट जमिनीला लागत नाही. आणि कलम ६ प्रमाणे चार गोष्टी संशयाला जागा न ठेवता याव्यात: ट्रस्ट करायचाच आहे हा हेतू, कशासाठी, कोणासाठी, आणि कोणती जमीन.

"कोणती जमीन" इथे आम्ही फसलो. पहिल्या मसुद्यात, जो नेटवरच्या एका नमुन्यावरून कोणीतरी भरून दिला होता, क्षेत्र १ हेक्टर ९२ आर असं पडलं. सातबारावर लागवडीयोग्य क्षेत्र १.९२, पोटखराब (लागवडीला न येणारं) ०.०८, एकूण २.००. नोंदणी झाली, कागद घेऊन तलाठी आप्पांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोट पोटखराबाच्या ओळीवर ठेवलं आणि विचारलं, "हे ८ आर कोणाचे?" नाल्याकाठची ती पट्टी, बाभळी आणि जुनी विहीर असलेली, दस्तात आलीच नव्हती. विहीर बाहेर आणि शेत आत! चूक दुरुस्तीपत्र करून परत नोंदणी करावी लागली. म्हणून गट नंबर, लागवडीचं, पोटखराबाचं आणि एकूण क्षेत्र, आकार, चतुःसीमा, विहीर, बोअर, मोटर, पाइपलाइन, झाडं, पाण्याची पाळी आणि वीज जोडणीचा ग्राहक क्रमांक, सगळं सातबारा समोर ठेवून लिहा.

रद्द करायचा हक्क. हा मुद्दा नमुन्यांत हमखास चुकतो, कारण अमेरिकेतला असा ट्रस्ट बहुधा करणाऱ्याला हवा तेव्हा मोडता येतो. आपल्या कलम ७८ प्रमाणे असा हक्क दस्तात स्पष्ट राखून ठेवला नसेल, तर सर्व सज्ञान आणि सक्षम लाभार्थ्यांची संमती लागते. लाभार्थीच संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर ट्रस्ट कायमचा बसला. राखून ठेवला तर आयकरात ते उत्पन्न तुमचंच धरलं जातं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने मामांना फरक पडत नव्हता, म्हणून हयातीपुरता हक्क ठेवला. ट्रस्टमध्ये मुदतठेव किंवा दुकानाचं भाडं असेल तर मात्र सीएला आधी विचारा. शिवाय कोणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं तर कर कमाल दराने बसण्याची शक्यता असते. लाभार्थी आणि त्याचा वाटा नक्की लिहिणं बरं.

बहुमताचं कलम. दस्तात काही नसेल तर सगळ्या विश्वस्तांनी मिळूनच निर्णय घ्यायचा (कलम ४८). म्हणजे फवारणीचं औषध आणायला सुरतेहून सही. आम्ही लिहिलं: रोजची शेती एकाने, बँकेत दोघांनी, विक्री-गहाण तिघांनी. विश्वस्ताला मेहनताना हवा असेल तर तोही लिहा, कारण दस्तात नसेल तर तो मागता येत नाही (कलम ५०).

एक विश्वस्त गेला किंवा त्याने नको म्हटलं तर पुढचा कोण, नावासकट. आणि शेवट. कुटुंबाचा ट्रस्ट अनंतकाळ चालत नाही. आज जिवंत असलेल्यांचं आयुष्य आणि तोवर जन्माला आलेल्याचं सज्ञान होणं, एवढीच मुदत कायदा देतो. मामांनी लिहिलं: धाकट्याच्या हयातीपर्यंत ट्रस्ट, नंतर जमीन मुलीच्या दोन्ही मुलांना समान.

मुद्रांक आणि नोंदणी

बक्षीसपत्राची २०० रुपयांची सवलत ट्रस्टच्या दस्ताला आपोआप मिळेल असं धरून चालू नका. जमीन विश्वस्तांकडे जाते, मुलाकडे थेट नाही, आणि बाजारमूल्यावर शुल्क निघू शकतं. सही करण्याआधी मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मुद्रांक कायद्याच्या कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी द्या. ते शुल्क ठरवून देतात आणि मग मागाहून वसुलीची नोटीस येण्याची धास्ती राहत नाही. थोडे दिवस जातात, जाऊ द्या. सहीनंतर चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला हजर करायचा, दोन साक्षीदार आणि सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन. मामा ७४ वर्षांचे, म्हणून आम्ही डॉक्टरांचा तब्येतीचा दाखलाही जोडला. कायद्याने मागितला नव्हता, पण उद्या "म्हाताऱ्याला कळत नव्हतं" म्हणणारा कोणी निघालाच तर असावा.

फेरफार आणि नंतरचा संसार

सूची-२ (नोंदणी झाल्याचा उतारा) हातात आली की तलाठ्याकडे, आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज. नोंद गाव नमुना सहामध्ये पडते, हितसंबंधितांना १५ दिवसांची नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. नाव फक्त "पुतण्या" असं लागू देऊ नका. "अमुक ट्रस्टतर्फे विश्वस्त" हे शब्द कब्जेदाराच्या रकान्यात यायलाच हवेत. ते गळाले की १० वर्षांनी पुतण्याची मुलं त्याला आपली जमीन समजतात, आणि त्यांची काही चूकही नसते.

एक झळ बसते ती आधीच सांगतो. पीएम किसान, पीककर्ज, पीकविमा, फार्मर आयडी हे सगळं आधार आणि व्यक्तीच्या खात्याभोवती गुंफलेलं आहे. सातबारावर ट्रस्ट आला की सोसायटीचा सचिव आणि सेतूवाला दोघंही डोकं खाजवतात. म्हणून दरसाल कर्जावर चालणारी सगळीच जमीन ट्रस्टमध्ये टाकू नका.

ट्रस्टचं पॅन काढा, बँकेत वेगळं खातं उघडा. कापसाचे पैसे त्यातच, बियाणं-खताचा खर्च त्यातूनच. लाभार्थी किंवा त्याचा पालक हिशेब मागू शकतो आणि विश्वस्ताला तो द्यावा लागतो (विश्वस्त कायदा, कलम १९). शेत बटाईने किंवा ठोक्याने द्यायचं तर एका हंगामाचा लेखी करार करा आणि ई-पीक पाहणीत नोंद कोणाच्या नावाने होते याकडे लक्ष ठेवा. कूळ लागेल ही आपल्याकडची भीती म्हातारी आहे, पण मेलेली नाही.

देवाची जमीन ही वेगळी

गावोगावी "ट्रस्टची जमीन" म्हणतात ती बहुतेक देवस्थान इनामाची किंवा सार्वजनिक ट्रस्टची. तिथे कब्जेदार देव, आणि पुजारी किंवा वहिवाटदार फक्त सांभाळणारा. पुजारी मालक नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या प्रकरणात पुन्हा सांगितलं. नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टची जमीन विकायला किंवा १० वर्षांपेक्षा जास्त मुदतीने शेतीला द्यायला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम ३६. कोणी अशी जमीन स्वस्तात दाखवत असेल तर आधी ती मंजुरी मागा.

करणारा गेल्यावर

घरात मयत झाली की गावात सवयीने पहिला अर्ज पडतो वारस नोंदीचा. कधी भावकीतला कोणी चांगल्या मनानेच तो देऊन टाकतो. ट्रस्टमधल्या जमिनीला वारस लागत नाहीत. १८८२ च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे ती उरलेल्या विश्वस्तांकडे चालू राहते. अर्ज द्यायचा तो मयत विश्वस्ताचं नाव कमी करण्याचा, सोबत मृत्यूचा दाखला, दस्ताची प्रत आणि पुढच्या विश्वस्ताचं संमतीपत्र. चुकून वारस नोंद धरली गेली तर १५ दिवसांच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मामांनी या अर्जाचा कोरा नमुना दस्ताच्या प्रतीसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवलाय, एक प्रत सुरतेला. पेटीची किल्ली मामींच्या कमरेला असते.